पानथरी ‘बॉर्डरलाइन’ आहे म्हणजे काय हो, मॅडम?

मुलाच्या पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी होते. दुखणं बहुतेक वेळा साधंच निघतं, दोन दिवसांत थांबतं. कागद मात्र घरात उरतो आणि त्यावर एक ओळ असते: ‘माइल्ड स्प्लीनोमेगाली’ किंवा ‘स्प्लीन बॉर्डरलाइन’. म्हणजे प्लीहा, पोटात डाव्या बरगड्यांखाली असलेली आपली पानथरी, किंचित मोठी. डॉक्टर सांगतात, काळजीचं काही नाही. आईबाप रात्री मोबाइलवर तो शब्द शोधत बसतात आणि तासाभरात रक्ताच्या कॅन्सरपर्यंत पोचतात. समुपदेशक म्हणून बालरोगतज्ज्ञांबरोबर काम करताना ही काळजी माझ्यासमोर पुन्हापुन्हा येते, म्हणून एका कुटुंबाबद्दल सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सात वर्षांचा. खाणंपिणं, वजन, रंग, सगळं उत्तम. रक्ताची तपासणी स्वच्छ. डॉक्टरांनी पोट तपासलं, तेव्हा पानथरी हाताला लागतही नव्हती. तरीही चार महिन्यांत तीन सेंटरांवर तीन सोनोग्राफ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं, “मुलाला काही नाही. आईची झोप गेली आहे.”

आई फाइल उघडूनच बसल्या. “मॅडम, आधी ९.६ सेंटिमीटर होती. मग १०.१. वाढतेच आहे ना ती?”

“आणि तिसऱ्यांदा?”

“९.८. पण ते मशीन वेगळं होतं.”

“१०.१ आलं तेव्हाचं मशीन?”

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले. “तेही वेगळंच होतं.”

हे माप कसं घेतात, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मुलाला उताणं किंवा उजव्या कुशीवर झोपवून डाव्या बरगड्यांच्या मधून पानथरी पाहतात आणि तिची जास्तीत जास्त लांबी दोन टोकांवर खुणा ठेवून मोजतात. पानथरी तिरकी असते, श्वासाबरोबर खालीवर होते, त्यात मूल चुळबुळ करतं. खूण जराशी इकडेतिकडे पडली की काही मिलिमीटरचा फरक पडतो. वेगळं मशीन, वेगळे डॉक्टर, मग अर्धा सेंटिमीटर फरक म्हणजे पानथरी वाढली असं नव्हे. ताईंनी मान डोलावली. पण समाधान झालं नव्हतं, ते दिसत होतं.

पुढच्या भेटीत मुलगा एकटा माझ्याशी बोलला. त्याने कबड्डी सोडली होती. “का रे?” “माझ्या पोटात काहीतरी फुटणार आहे.” त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. आई रोज रात्री तो झोपल्यावर डाव्या बरगडीखाली दाबून पाहायची, आणि तो झोपलेला नसायचा.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडले. माझा अनुभव असा, की आकड्याने कुणाची झोप उडत नाही. त्या आकड्याला आपण मनात जे वाक्य जोडतो, त्याने उडते. ते वाक्य माणसाच्या तोंडून बाहेर येईपर्यंत कितीही माहिती द्या, ती वरवरच राहते. म्हणून मी ताईंना विचारलं, “१०.१ वाचलंत, तेव्हा मनात काय आलं?”

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “रेषा ओलांडली. आता याच्या आत काहीतरी चालू आहे आणि मी झोपून राहिले तर ते हाताबाहेर जाईल.”

“ही रेषा कुणी आखली, माहीत आहे?”

“पुस्तकात असेल. योग्य माप.”

इथे मी घाई केली नाही. पुस्तकात योग्य माप नसतं, मोजलेली मापं असतात. अमेरिकेतल्या एका रेडिओलॉजी नियतकालिकात १९९१ साली आलेला तक्ता आजही बराच वापरला जातो. त्यात सुचवलेली वरची मर्यादा सहाव्या वर्षी ९.५ सेंटिमीटर, आठव्या वर्षी १०, दहाव्या वर्षी ११ आणि पंधरा वर्षांनंतर मुलींना १२, मुलांना १३ अशी आहे. १९९८ साली तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी ३०७ निरोगी मुलांची मापं प्रसिद्ध केली. २०१० साली दिल्लीतल्या डॉक्टरांनी भारतीय मुलांचीही केली. धडधाकट मुलं टेबलावर झोपवली, मोजली, कपडे सारखे करून घरी पाठवली. त्या आकड्यांतून तक्ते तयार झाले.

ताईंनी विचारलं, “मग त्यातल्या ज्या मुलाची सगळ्यात मोठी भरली, त्याला काय झालं होतं?”

“काहीच नाही. निरोगी होतं, म्हणूनच तर त्याला त्या यादीत घेतलं.”

त्या बोलायच्या थांबल्या. मीही थांबले. असे क्षण समजावून सांगायला गेलं की निसटतात, हे मी शिकले आहे. मग त्या सावकाश म्हणाल्या, “म्हणजे आमच्याकडे तेव्हा कुणी आलं असतं, तर आमचाही त्या यादीत बसला असता.”

हे वाक्य त्यांचं होतं, मी दिलेलं नव्हतं. आधीच्या ‘रेषा ओलांडली’च्या जागी तेच बसलं. अशा तक्त्यांत मर्यादा आखली, की काही निरोगी मुलं तिच्या बाहेर राहणारच. तिथून आजार सुरू होतो असं नाही. तिथे डॉक्टर थांबून मुलाकडे नीट बघतात, इतकंच.

नंतरचं भराभर झालं. पानथरी वयापेक्षाही अंगलटीबरोबर, विशेषतः उंचीबरोबर वाढते. हा मुलगा १३१ सेंटिमीटर, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाएवढा उंच. कबड्डीला हरकत नाही, हे डॉक्टरांनी मुलाला समोर बसवून सांगितलं. रात्रीचं दाबणं थांबलं. आजी म्हणत होत्या, आमच्या वेळी हिवतापात पोरांच्या पानथऱ्या वाढायच्या. ते अगदी खरं आहे. हिवतापाच्या पाहण्यांत मुलांच्या पानथऱ्या तपासूनच गावात हिवताप किती मुरलाय ते ठरवत. पण नातवाला ताप आलाच नव्हता.

तुमच्या हातात असा कागद असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पानथरी हाताला लागते का, रक्त ठीक आहे का, आणि मुलाच्या उंचीच्या मानाने हे माप कसं आहे. फेरतपासणी त्यांनी सांगितली तरच करा, आणि शक्यतो त्याच सेंटरवर. नुकताच व्हायरल ताप, टायफॉइड किंवा डेंग्यू होऊन गेला असेल तर पानथरी काही आठवडे मोठी राहू शकते. तेवढे दिवस धक्काबुक्कीच्या खेळांबद्दल डॉक्टरांना विचारा. ‘अ‍ॅक्सेसरी स्प्लीन’ असं लिहिलं असेल तर ती शेजारची छोटी जादा पानथरी. पुष्कळ निरोगी माणसांत असते. आणि रिपोर्टबद्दलचं बोलणं मुलाच्या कानावर पडू देऊ नका.

लांबलेला ताप, फिकटपणा, विनाकारण काळेनिळे डाग, कावीळ, मानेत-काखेत गाठी, घटणारं वजन, फुगलेलं पोट यांपैकी काही असेल तर मात्र माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जा. तिथे मन शांत करणं हा उपाय नव्हे.

या ताईंनी रात्रीचं दाबणं थांबवलं ते बरंच झालं, पण ‘पोट दाबून पाहू नका’ हे सगळ्यांसाठी नाही. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत. त्यांच्या आयांना पानथरी चाचपायला मुद्दाम शिकवतात, कारण या आजारात लहान मुलाच्या पानथरीत अचानक रक्त साठून ती काही तासांत वाढू शकते. पानथरी एकदम मोठी लागली, मूल पांढरंफटक आणि मलूल पडलं, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यायचं.