आरोग्यप्रश्न: फिरणे रोजचे, तरी कंबर तेवढीच

प्रश्न: मी इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो. वय ५८, नुकताच बँकेतून निवृत्त झालो आहे. वजन ७२ किलो आणि कंबर ९८ सेंटिमीटर आहे. रोज सकाळी मित्रमंडळींबरोबर पाऊण तास फिरतो आणि परतताना पोहे-जलेबी होते. घरचे जेवण पोळी, भाजी, वरण-भात असे साधेच असते. रात्रीचे मात्र साडेनऊच्या पुढे जाते. अलीकडे केलेल्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या सरासरी साखरेचे माप) ६.१ निघाले. डॉक्टरांनी औषध दिले नाही, आहार आणि व्यायाम सांभाळा एवढेच सांगितले. व्यायाम तर चालूच आहे. मग आणखी काय सांभाळायचे?

उत्तर: एचबीए१सी ५.७ ते ६.४ या टप्प्यात असले, तर तो मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावरची अवस्था असते आणि तिथून मागे फिरणे पुष्कळांना शक्य होते. उंबरठ्यावरच्या अशाच प्रौढांचा जो मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात वजन सुमारे ७ टक्क्यांनी घटवणे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम करणे ही उद्दिष्टे ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या बाबतीत ७ टक्के म्हणजे साधारण पाच किलो. भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर मानतात, तेव्हा काट्याइतकेच लक्ष टेपकडेही असू द्यावे.

आपले फिरणे मिनिटांच्या हिशेबात भरपूर आहे. शंका आहे ती वेगाची. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत धाप लागली तरच ते मध्यम व्यायामात मोडते. मित्रमंडळींत राजकारणावर अखंड चर्चा रंगत असेल, तर वेग कमी पडतो आहे असे खुशाल समजावे. निदान वीस मिनिटे मंडळींच्या पुढे निघून जावे.

त्याहून मोठी उणीव ताकदीच्या व्यायामाची आहे आणि आपल्या पिढीत तीच सर्वाधिक दुर्लक्षित राहते. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात, आणि वयाबरोबर ते झिजत जातात; म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीच्या कडेवर बसावे, हात छातीशी घडी घालून ठेवावेत, उठताना श्वास सोडावा आणि बसताना मनात चार अंक मोजत सावकाश खाली यावे. आठ-दहा वेळा असे केल्यावर मांड्या भरून आल्या, तर व्यायाम योग्य जागी पोहोचला म्हणायचे. जोडीला भिंतीवर हात टेकून दंड काढावेत. श्वास मात्र रोखून धरू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता पोहे. इंदूरकराला पोहे सोडायला सांगणारा सल्लागार या शहरात फार दिवस टिकायचा नाही, आणि तशी गरजही नाही. पण पोहे मुख्यतः पिष्ट, जलेबी म्हणजे मैदा आणि पाक, वरची शेव तळलेली, वर भुरभुरलेल्या जीरावन मसाल्यात मीठ. रिकाम्या पोटी एवढे सगळे एकदम गेले, की साखर झपाट्याने चढणारच. जलेबी रविवारपुरती ठेवावी. इतर दिवशी पोहे घरी करावेत, त्यांत मटार आणि शेंगदाणे सढळ घालावेत आणि बरोबर वाटीभर मटकीची उसळ घ्यावी.

कारण आपल्या ताटात प्रथिने कमी आहेत. किलोमागे ०.८३ ग्रॅम या भारतीय शिफारशीनुसार आपल्याला दिवसाला सुमारे ६० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि पातळ वरणाच्या एका वाटीने त्यांचा फारसा भाग भरत नाही. वरण घट्ट करावे, दोन्ही वेळा दही, उसळ किंवा पनीर यांपैकी काही असावे आणि तेवढा भात कमी करावा. रात्रीचे जेवण आठाच्या सुमारास आणता आले तर उत्तम. नंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली केल्याने जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराची फेरी पाहुणे आल्यावर करावी. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा तपासावे; त्याआधी तपासल्यास झालेला बदल पुरता दिसत नाही.

प्रश्न: चातुर्मासात माझे आठवड्याला दोन उपास असतात. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊनही वजन का वाढते? (वाचक भगिनी, इंदूर)

उत्तर: साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, १०० ग्रॅममागे प्रथिने एक ग्रॅमही नसतात. त्यात तूप, बटाटा आणि दाण्याचे कूट पडले, की एका बशीत नेहमीच्या जेवणाइतकी ऊर्जा सहज जाते. भगर किंवा राजगिऱ्याची भाकरी, सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर घ्यावी. खिचडी करायचीच असेल, तर वाटीभर वाढून घ्यावी आणि कढई स्वयंपाकघरातच ठेवावी.