नाचताना रडू फुटतं, ताई, माझं काही बिघडलंय का?

हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात, पुरुषही विचारतात पण ते जरा फिरवून विचारतात. कुणाला विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळताना होतं, कुणाला गरब्यात, कुणाला मंगळागौरीला फुगडी घालताना. सगळं छान चाललेलं असतं आणि एकदम घसा दाटून येतो, मग ते रडू थांबतच नाही. घरी आल्यावर लाज वाटते, भीती वाटते आणि तरी परत नाचावंसं वाटतं, आणि या परत वाटण्याचीच जास्त भीती वाटते.

एक केस सांगते. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. आपण तिला मीनल म्हणू.

मीनल 46 वर्षांची, राहायला भांडुपला, नोकरी फोर्टला विम्याच्या ऑफिसात. आषाढी होऊन आठवडा झाला होता तेव्हा नवऱ्याला घेऊन माझ्याकडे दादरला समुपदेशनासाठी आली. नवऱ्याला बाहेर बसवलं आणि आत येऊन पहिलं वाक्य, "ताई, माझ्या अंगात येतंय असं सासूबाई म्हणतात, तुम्हीच सांगा काय ते."

झालं होतं असं. आषाढीला ती मैत्रिणीबरोबर वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात गेली, आपल्या मुंबईकरांचं प्रतिपंढरपूर ते, रांग पार लांब रस्त्यापर्यंत गेलेली, वरून पाऊस. शेजारून एक दिंडी चालली होती आणि त्यातल्या बायका टाळ वाजवत पावली खेळत होत्या. हिने चपला काढून मैत्रिणीच्या हातात दिल्या आणि सरळ त्यांच्यात शिरली. "पाय आपोआप पडत होते ताई, मला येतंय हेच मी विसरले होते." पाचेक मिनिटं गेली असतील आणि रडू फुटलं, साधं नाही, हंबरडाच. एक म्हातारी आजी शेजारी होती, तिने काही विचारलं नाही, फक्त हिच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतःची पावली चालूच ठेवली, हिलाही थांबू दिलं नाही. मला त्या आजीचं फार कौतुक वाटतं, मी इतकी वर्षं या कामात आहे पण मला त्या क्षणी एवढं नेमकं सुचलं असतं की नाही सांगता येत नाही.

घरी आली तेव्हा डोळे सुजलेले, केस सुटलेले, साडी चिखलाने भरलेली. मैत्रिणीने काय झालं ते सांगितलं आणि सासूबाईंनी निष्कर्ष काढला. गावाकडे कुणी बाबा आहे, त्याच्याकडे न्यायचं ठरायला लागलं.

मी आधी सगळे साधे प्रश्न विचारले, ते विचारल्याशिवाय पुढे जायचंच नसतं. त्या वेळेचं सगळं आठवतंय का? आठवत होतं, आजीच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांसकट. तोल गेला, पडलीस, जीभ चावली गेली, शुद्ध हरपली असं काही? नाही. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, पाळीचं काय, जगणं नको वाटतं का कधी? झोप तुटक होती, बाकी ठीक. आणि मग घरात गेल्या दोन वर्षांत कुणी गेलंय का असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा गेले, 14 महिने झाले. पण त्याचं मला काही वाटलं नाही."

बाबा गिरणी कामगार. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, मग मिळेल ते काम, पण लालबागच्या चाळीतलं भजनी मंडळ त्यांनी कधी सोडलं नाही, पखवाज वाजवायचे. शेवटचे तीन आठवडे आयसीयूत होते आणि ही विम्यातली म्हणून सगळे कागद हिच्याकडे, कॅशलेस, डॉक्टरांच्या सह्या, मृत्यूचा दाखला, नंतर बँकेची नॉमिनेशन्स, आईची पेन्शन. तेराव्याच्या आत बहुतेक सगळं मार्गी लावलं होतं तिने. नातेवाईक म्हणाले मीनल किती खंबीर आहे. हे "खंबीर" लेबल लावताना आपण जरा विचार करायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण एकदा ते लागलं की त्या माणसाला रडायची सोयच राहत नाही.

पावली तिला बाबांनीच शिकवली होती, सहा-सात वर्षांची असताना, चाळीच्या गॅलरीत. तिला हे वडाळ्यानंतर आठवलं. तिच्या खांद्यावर बोटांनी ठेका धरायचे आणि पाऊल चुकलं की बोट तिथेच थांबवायचे, रागवायचे नाहीत. हे सांगताना तिने स्वतःच्याच खांद्यावर बोटं वाजवून दाखवली आणि तिचा आवाज बदलला.

म्हणजे बिघडलं काही नव्हतं. डोक्याने 14 महिने दार लावून ठेवलं होतं आणि पाय मागच्या दाराने आत गेले. आपण सतत स्वतःवर पहारा ठेवून असतो, कशी दिसतेय, लोक काय म्हणतील, आता किती वाजले, आणि ठेक्यात शिरलं की सगळं लक्ष पावलात जातं, पहाऱ्याला माणूस उरत नाही. त्यात धाप लागलेली असते, खांदे, जबडा, पोट, जिथे आपण रडू आवळून धरतो ते सगळं हलत असतं. मग जे आत असतं ते वर येतं.

मिहाय चिकसेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळ खेळणारे, सर्जन आणि नाचणारे अशा लोकांशी बोलून याच तंद्रीचा अभ्यास केला आणि तिला फ्लो म्हटलं. काम फार सोपं असेल तर मन भटकतं, फार अवघड असेल तर घाबरतं, मधल्या जागी रमतं, आणि पुढे काय करायचं ते स्पष्ट असावं लागतं, चुकलं तर लगेच कळावं लागतं. मीनलला मी हे सांगितलं तर ती म्हणाली म्हणजे पावलीच की हो. खरंच आहे, टाळ पुढचं पाऊल सांगतो आणि चुकलात तर शेजारणीला धक्का लागतो.

मी डान्स थेरपिस्ट नाही, ते वेगळं शिक्षण आहे. अमेरिकेत मेरियन चेस नावाच्या नर्तकीने 1942 पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स हॉस्पिटलमधल्या मनोरुग्णांबरोबर हे काम सुरू केलं, समोरचा जसा हलतो तसं आपणही हलायचं आणि तिथून संवाद सुरू करायचा ही तिची पद्धत. तेवढंच मी उचललं. तिसऱ्या सेशनला खुर्च्या बाजूला सरकवल्या, मोबाईलवर नुसता पखवाजाचा ठेका लावला आणि ती जशी पावलं टाकेल तशी मी टाकत गेले. ती रडली, मी थांबवलं नाही, ठेका बंद केला नाही. मग पाणी प्यायलो दोघी.

पुढे मात्र अडलं, आणि माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. तिने घरी रोज करायचं ठरवलं. वन बीएचके, हॉलमध्ये मुलगा झोपलेला, खाली राहणाऱ्यांना आवाज जायला नको, म्हणून सकाळी सहाला स्वयंपाकघरात, ओटा आणि फ्रिजच्या मधल्या जागेत, अनवाणी, कानात इअरफोन. दोन आठवड्यांनी वैतागून आली. "काहीच होत नाही ताई. रडूच येत नाही. बाबांचा फोटो समोर ठेवला, त्यांचं आवडतं भजन लावलं, तरी कोरडी." मी विचारलं नाचताना लक्ष कुठे असतं? "रडू येतंय का याकडे."

हे खूप जणांचं होतं. एकदा मोकळं वाटलं की मोकळं होणं हेच टार्गेट होतं आणि पहारेकरी परत येऊन बसतो, फक्त आता तो "रडलीस का" विचारतो. भडाभडा बाहेर काढलं की माणूस बरा होतो ही समजूतही तेवढी खरी नाही, राग काढून काढून राग वाढलेले लोक मी रोज बघते. मी तिला म्हटलं फोटो जागेवर ठेव, भजनही नको, नुसता ठेका घे. गॅसवर दूध ठेव आणि दूध वर येईपर्यंतच कर, आणि लक्ष एवढंच ठेव की टाच आधी टेकतेय का चवडा. रडू आलं तर येऊ दे, नाही आलं तर त्याच्यामागे लागू नकोस.

नाच शिकणाऱ्या मुली सुरुवातीला जमिनीला नमस्कार करतात, तुझ्यावर पाय आपटणार आहे, माफ कर म्हणून. तिनेही तो सुरू केला, मी सांगितलं नव्हतं. एकदा तिने विचारलं हे देवाचं आहे की मनाचं? मी म्हटलं मला यातलं एक निवडायची गरज कधी वाटली नाही, नामदेव महाराज कीर्तनात नाचायचे तेव्हा त्यांनी तरी कुठे वेगळं केलं असेल.

मग एका गुरुवारी सकाळी तिचा मेसेज, "दूध उतू गेलं." एवढाच. नंतर भेटल्यावर सांगितलं, दूध उतू गेलं, गॅस विझला, जळका वास आला तेव्हा कळलं. किती वेळ गेला माहीत नाही, बाबा आठवले नाहीत, रडले नाही, मी कोण तेही आठवत नव्हतं, नुसतं पाऊल होतं. आणि ओटा पुसताना रडू आलं, शांत, फडकं हातात धरून. तिची झोप त्यानंतर हळूहळू सुधारत गेली.

सासूबाईंना मी एकदा बोलावून घेतलं. त्यांना चूक ठरवलं असतं तर घरात वेगळीच लढाई सुरू झाली असती. त्या कीर्तनाला नियमाने जातात, म्हणून मी त्यांनाच विचारलं, अष्टसात्त्विक भाव, म्हणजे भाव दाटून आला की अंगावर आपोआप उमटणाऱ्या आठ खुणा, त्या कोणत्या हो आई? त्यांनी बोटं मोजत सांगायला सुरुवात केली, स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू... आणि अश्रूवर थांबल्या. प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं, राहिला होता, तो म्हटलाच नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही हे आठ आहेत, भक्तीतही तेच सांगतात. बाबाकडे न्यायचा विषय त्यांनी परत काढला नाही. मला त्यांचाही राग नाही, सुनेची काळजी होती, फक्त त्यांच्याकडे "अंगात येणं" एवढाच एक शब्द होता.

आता ज्यांना हा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी थोडं. नाचताना रडू येणं हा आजार नाही. पण मधला वेळ आठवतच नसेल, पडायला होत असेल, झटके येत असतील तर आधी न्यूरॉलॉजिस्ट. झोप दोन-तीन तासांवर आलीय आणि तरी अंगात प्रचंड उत्साह, खर्च, बडबड, रात्ररात्र नाचणं, तर सायकियाट्रिस्ट, आणि लवकर. लहानपणी किंवा नंतर अत्याचार झाला असेल आणि नाचताना ते समोर यायला लागलं, अंग बधिर झालं, तर तिथेच थांबा, डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीवर दाबा, आजूबाजूच्या वस्तूंची नावं घ्या, आणि हे काम एकटीने करू नका. माणूस जाऊन सहा महिन्यांच्या वर झाले आणि अजून रोजचं जगणंच ठप्प असेल तर ते नुसतं दुःख म्हणून सोडू नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, आता त्याचं वेगळं निदान आहे आणि उपचार आहेत. जीव नकोसा झाला तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. गुडघे, बीपी, हार्टचं काही असेल तर डॉक्टरांना विचारून, बसून नुसत्या हातांनी केलं तरी चालतं, ठेका तोच.

मीनल नोव्हेंबरपर्यंत येत होती, मग आम्ही थांबवलं. मे महिन्यात बाबांना दोन वर्षं झाली त्या सकाळी तिचा फोन आला. भावाकडून बाबांचा टाळ मागून आणला होता, दोरी तुटली होती ती सासूबाईंनी नवीन बांधून दिली. सहाला उठून केलं नेहमीसारखं, म्हणाली. मग जरा थांबली.

"आज रडू आलंच नाही ताई. चालेल ना?"

चालेल म्हटलं.