मुलगा व्हिसापायी घरातच अडकलाय आणि घरात कुणी कुणाशी बोलत नाही, काय करू?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न हल्ली इतक्या आईवडिलांकडून येतोय की एका घराची गोष्टच सांगते, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. घर जुळे सोलापुरातलं. काका रिटायर्ड, काकू घरीच, मुलगा अमेरिकेत टेक्सासमध्ये आयटीत, एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे कंपनीने अर्ज करून मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर. डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला एकटाच आला, नातीची शाळा बुडायला नको म्हणून सून तिकडेच थांबली. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपला होता पण मुंबईची अपॉइंटमेंट घेऊन ठेवलेली, लग्न उरकलं की इंटरव्ह्यू द्यायचा आणि लगेच विमानात बसायचं असा बेत.

आणि मधेच नियम बदलला. 15 डिसेंबर 2025 पासून अमेरिकेने एच-वन-बीवाल्यांची आणि त्यांच्या एच-फोर या कुटुंबाच्या व्हिसावरच्या बायकामुलांची सोशल मीडिया अकाउंट तपासायला सुरुवात केली, त्यामुळे दिवसाला होणारे इंटरव्ह्यू कमी झाले आणि कितीतरी लोकांच्या तारखा नुसत्या एका मेलवर काही महिने पुढे गेल्या. इंटरव्ह्यू न देता ड्रॉपबॉक्सने, म्हणजे नुसते कागद जमा करून काम व्हायचं, ते तर सप्टेंबरपासूनच बहुतेकांसाठी बंद झालेलं. याचीही तारीख मार्चच्या पलीकडे गेली.

माझ्याकडे आधी काकू आल्या, एकट्याच. "झोप यीना ओ मॅडम. पोरगं रातभर लॅपटॉपवर, दिवसा झोपतंय, जेवायला हाक मारली तर अंगावर येतंय." टेक्साससोबत काम म्हणजे रात्री साडेआठला लॅपटॉप उघडायचा आणि पहाटे साडेचारला मिटायचा, काकू दोन वाजता उठून त्याच्या दाराबाहेर चहाचा थर्मास ठेवून यायच्या, आत जायची हिंमत नाही. खालून शेजारी रोज विचारायचे, "काय ओ, पोरगा अजून हाय का? कधी निघायलाय?" काका सांगायचे सुट्टी वाढवलीय. मग जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आली आणि गेली, तेव्हा ते उत्तरही पुरेना झालं.

बऱ्याच वेळाने काकू खरं बोलल्या. इतक्या वर्षांनी पोरगा एवढे दिवस घरात आहे, त्याला कडक भाकरी-शेंगाचटणी वाढताना त्यांना आतून बरं वाटत होतं, आणि लगेच तिकडे नात बापासाठी रडतेय हे आठवून स्वतःचाच राग यायचा. मी त्यांना सांगितलं आणि तुम्हालाही सांगते, या दोन्ही गोष्टी एकाच मनात एकाच वेळी असू शकतात, त्यात पाप काही नाही. पोरगा घरात आहे याचा आनंद झाला म्हणून तुम्ही त्याचं वाईट चिंतलं असं होत नाही.

पुढच्या वेळी तिघांना बोलावलं आणि सुनेला व्हिडिओ कॉलवर घेतलं. काका बराच वेळ गप्प. मग शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. त्यावर एक लाख डॉलर गुणिले 88, म्हणजे 88 लाख, आणि खाली अक्कलकोट रोडच्या प्लॉटची किंमत मांडलेली. सप्टेंबर 2025 मध्ये एच-वन-बीच्या एक लाख डॉलर फीची बातमी आली होती ना, ती व्हॉट्सअपवर वाचून काकांनी धरलं की पोराला परत जायला हेच पैसे भरावे लागणार, आणि कुणाला न विचारता गिऱ्हाईक शोधायला लागले. पोरगा कागदाकडे बघतच राहिला. "बाबा, ती फी मला नाही ओ. बाहेरच्या माणसासाठी कंपनी नव्याने अर्ज करते तेव्हाची आहे ती, माझा आधीचाच चालू आहे." एवढं एक वाक्य घरात बोललं गेलं नव्हतं म्हणून प्लॉट विकायला निघाला होता. एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प बसणारी अशी घरं मी खूप बघते, आणि मला त्यांची फार काळजी वाटते, कारण प्रत्येकजण एकटाच सगळ्यात वाईट काय होईल ते धरून बसलेला असतो.

सून मात्र स्पष्ट बोलली. तिचा एच-फोर याच्या व्हिसावर अवलंबून आणि तिला कामाची परवानगी नाही. अशी परवानगी 2015 पासून मिळते पण नवऱ्याची ग्रीन कार्डची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याची फाइल एका टप्प्याच्या पुढे गेली असेल तरच, यांची गेलेली नाही. म्हणजे याची नोकरी गेली तर भाडं, गाडीचा हप्ता आणि तिथे राहणं, सगळंच धोक्यात. ती म्हणाली, "मला खोटा धीर नकोय, काय होऊ शकतं ते सांगा."

मग कंपनीचा विषय निघाला. मॅनेजर वाईट नव्हता पण क्लायंटचा डेटा देशाबाहेरून उघडायला बंदी, त्यामुळे याला अर्धंच काम देता यायचं, आणि याच्या जागी भारतातून नवा माणूस न्यायचा तर ती लाख डॉलरची फी. कंपनीही पेचातच होती की. हा मात्र भीतीपोटी विचारतच नव्हता, नुसता रात्री चारपर्यंत हजेरी दाखवत बसायचा. मी म्हटलं, मेल लिहा, इथून काम किती तारखेपर्यंत चालेल, नंतर बिनपगारी रजा मिळेल का, आणि कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोलायला मिळेल का. व्हिसाचा सल्ला मी देत नाही, देऊही नये, पण विचारायची हिंमत गोळा करायला मदत करणं हे माझं काम आहे.

घरासाठी काही गोष्टी ठरल्या. तारीख आधी मिळते का हे पोराने दिवसातून एकदाच बघायचं, सारखं सारखं नाही. नातीशी तिच्या शाळेच्या आधी रोज कॉल, आणि "पुढच्या आठवड्यात येतो" असं अजिबात सांगायचं नाही, लेकराला बाबा कधी येणार ते माहीत नाही हेच खरं सांगायचं. फॉरवर्ड आलेली बातमी काकांनी आधी पोराला दाखवायची, त्याला ती लागू आहे का आणि कधीपासून, एवढंच विचारायचं. शेजाऱ्यांना सरळ सांगायचं, व्हिसाची तारीख पुढे गेलीय. काकांना हे सगळ्यात जड गेलं, पण सांगितल्यावर कळलं की पलीकडच्या गल्लीतही एकजण असाच अडकलाय.

कंपनीचं उत्तर आलं, ठरावीक तारखेपर्यंत काम आणि मग बिनपगारी रजा. आनंदाची बातमी नव्हे, पण आता सुनेला तिथला महिन्याचा खर्च मांडता येतो, आणि परत यावंच लागलं तर पुण्यात नोकरी बघायची हेही चौघं आता मोकळेपणाने बोलतात. इंटरव्ह्यू अजून व्हायचाय.

तुमच्या घरी असंच असेल आणि दोनेक आठवडे झोप-जेवण बिघडलं असेल तर थांबू नका, जवळच्या समुपदेशकाकडे सगळे मिळून जा. कुणी यायला तयार नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.