डबक्यातलं शहर

फोटोसाठी रोज नवा रस्ता शोधत फिरू नका. येण्याजाण्याच्या वाटेवरचा एकच कोपरा धरा आणि पाऊस थांबला की तिथल्या डबक्यापाशी बसा. खरंच बसा, उभ्याने टिपलं तर नुसतं आभाळ आणि तुमची सावली येते. कॅमेरा पाण्यापासून चार बोटांवर आणला की पलीकडची अख्खी इमारत उलटी उतरते.

इथे हमखास चुकतं ते फोकसचं. ऑटोफोकस पाण्यावर तरंगणारं पान पकडतो आणि इमारत धूसर येते. कारण प्रतिबिंबाचं अंतर पाण्यापर्यंतच संपत नाही. पाण्यापासून इमारतीपर्यंतचंही त्यात धरावं लागतं. म्हणून फोकस प्रतिबिंबातल्या खिडकीच्या कडेवर लावा. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, असेल तर काढून ठेवा, तो प्रतिबिंबच पुसट करू शकतो. आभाळ पांढरं फटक पडलं तर एक्स्पोजर −१ करा, म्हणजे फोटो एक पायरी गडद येईल.

मग वाट बघा. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवलंत तर काठावरून जाणाऱ्याचं पाऊल गोठतं. १/१५ ला ते विरघळतं, पण तेव्हा कॅमेरा पिशवीवर टेकवा, नाहीतर सगळंच हलेल. मला विरघळलेलं जास्त भावतं: माणूस निघून जातो, उलटं शहर जागेवर राहतं.