अठरा नावांचा बायोडाटा आणि कोरी फाइल

आदरणीय महोदय,

आपले पत्र दोनदा वाचले. आपला मुलगा संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका स्टार्टर किटवर, म्हणजे वेबसाइटच्या आयत्या सांगाड्यावर, त्याने वेबसाइटचे तीन प्रकल्प उभे केले, त्यामुळे बायोडाटात अठरा तंत्रज्ञानांची नावे आली, आणि तरीही मुलाखतीत कोऱ्या फाइलमध्ये साधा नोंदणी अर्ज करायला सांगितल्यावर त्याला सुरुवातही करता आली नाही. आपण तो प्रश्न ‘जुनाट’ ठरवून याहून मोठे किट कोणते, असे विचारले आहे. मला काळजी वाटली ती मात्र आपल्या एका वाक्याची : ‘दर आठवड्याला यादीत एक नवे नाव आले पाहिजे, असे मी त्याला बजावले आहे.’

ज्या मुलाला दर आठवड्याला नवे नाव दाखवायचे आहे, तो कोठेही थांबू शकत नाही. काही बिघडले तर ते का बिघडले हे शोधायला चार दिवस लागतात, आणि त्या चार दिवसांत दाखवण्यासारखे काहीच तयार होत नाही. उलट किटच्या एका आज्ञेने काही मिनिटांत लॉगिन, डॅशबोर्ड, आलेख सारे पडद्यावर उभे राहते आणि घरातले समाधानी होतात. त्याने किट निवडले ते आपल्या तगाद्यातून सुटण्यासाठी, असे मला पत्रावरून स्पष्ट दिसते. यात त्याचा दोष मला फारसा वाटत नाही.

कंपन्या हीच साधने वापरतात, तेव्हा किट आले म्हणजे काम आले, हा आपला समज मात्र तपासायला हवा. किट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आपल्या गरजांसाठी घेतलेल्या शेकडो निर्णयांचा गठ्ठा असतो. ते निर्णय घेण्याचे कष्ट वाचतात, पण ते निभावण्याचे कष्ट वापरणाऱ्याच्याच गळ्यात पडतात. रिअ‍ॅक्ट हे वेबपाने बांधण्याचे साधन शिकणाऱ्या असंख्य मुलांनी ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ या किटपासून सुरुवात केली. ते २०१६ मध्ये आले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या चमूनेच नव्या प्रकल्पांसाठी ते वापरू नये असे जाहीर केले. त्यात आतली मांडणी उघडी करणारी ‘इजेक्ट’ नावाची आज्ञा होती. ती एकदा दिली की परत फिरता येत नसे, आणि वेबपॅक, बेबल या किटच्या आतल्या साधनांची सारी जुळवणी त्या क्षणापासून आपली जबाबदारी होई. शिवाय किटमधले प्रत्येक पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोडचा तुकडा, बहुधा आणखी पॅकेजेसवर उभे असते. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतले, तेव्हा त्याचे नावही न ऐकलेल्या असंख्य लोकांचे प्रकल्प बिल्ड, म्हणजे चालवण्याजोगे तयार, होईनासे झाले. सुरक्षेच्या सूचना आल्या म्हणून आवृत्त्या बदलल्या आणि पहिला प्रकल्प बंद पडला, याला आपण मुलाचा आळस म्हटले आहे. तो आळस नव्हे. किटची राहिलेली किंमत त्याच्याकडून तेव्हा वसूल झाली.

मुलाखतीतला प्रश्न मला रास्त वाटतो. एचटीएमएल या वेबपानाच्या मूळ भाषेतल्या फॉर्मला पत्ता आणि पद्धत दिली की माहिती ब्राउझरच पाठवतो, आणि ‘रिक्वायर्ड’ लिहिले की रिकामी चौकटही तोच अडवतो. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपल्या कामासाठी किट लागेल की नाही हे सांगता येते, आणि ज्या चमूला किट खरोखरच हवे असते तिला असाच माणूस उपयोगी पडतो.

पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा मार्ग त्याला खुला आहेच, पण या अपयशावरची पळवाट म्हणून तो धरू नये. मोठ्या किटचे नाव मी देणार नाही. त्याने दोन महिने एकच छोटे संकेतस्थळ एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबच्या मूलभूत भाषांत हाताने लिहून करावे. एखाद्या साधनावाचून खरोखर अडले तरच ते आणावे आणि का आणले ते दोन ओळींत लिहून ठेवावे. बायोडाटातली जी नावे त्याला समजावून सांगता येत नाहीत, ती आजच खोडावीत, मग चारच उरली तरी चालतील. या दोन महिन्यांत आपण त्याच्याकडे यादी मागू नये, ही माझी आपणास आग्रहाची विनंती आहे.

आणखी एक. चार पानांच्या पत्रात त्याचे स्वतःचे एकही वाक्य नाही. त्याला हे काम आवडते की नाही, हेही मला त्यातून कळले नाही. पुढचे पत्र त्याने लिहावे, आणि पाठवण्यापूर्वी ते आपण वाचू नये.