लता-आशा सोडून जुन्या मराठी गायिकांची कोणती गाणी ऐकावीत?

"लता-आशा सगळ्यांनाच माहितीयत, त्यांच्याशिवाय कोण होत्या आणि सुरुवात कुठून करू" असं तुम्ही विचारलंय. मी काय गाण्यातला जाणकार नाही, आमचा सोलापुरात मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा, वडलांपासूनचा, त्यामुळं ही सगळी गाणी मी कर्ण्याखाली उभं राहून ऐकलेली आहेत. उत्तर पण कर्णेवाल्याचंच येणार, तेवढं समजून घ्या.

माझ्या हिशोबानं जुन्या गायिकांचे दोन प्रकार. काहींचा आवाज कर्ण्यातून खुलतो आणि काहींचा घरच्या रेडिओवर. पत्र्याचा कर्णा खर्ज पार खाऊन टाकतो, ढोलकीचा घुमारा गायब आणि वरची टणटण तेवढी राहते, पेटी चिरकते, त्यात वारा सुटला की अर्धं गाणं दुसऱ्या पेठेत. अशातून चार गल्ल्या पलीकडं शब्द जसाच्या तसा पोचवणारी बाई म्हणजे सुलोचना चव्हाण. "सोळावं वरीस धोक्याचं" ऐका, 'सवाल माझा ऐका' मधलं, 1964 चा सिनेमा, शब्द जगदीश खेबूडकरांचे आणि चाल वसंत पवारांची. एक अक्षर गिळलेलं सापडणार नाही तुम्हाला. लावणी म्हणजे नुसता ठसका असं समजणाऱ्यांनी तर मुद्दाम ऐकावं, ठसका आहेच पण आधी उच्चार आहेत, ठसका त्यावर चढवलाय.

आणि गंमत अशी की बाई कुठल्या फडातल्या नाहीत, मुंबईच्या, गिरगावात वाढलेल्या. लग्नाआधी सुलोचना कदम नावानं हिंदी सिनेमात गायच्या. लावणी नंतर आली, अत्र्यांच्या 'हीच माझी लक्ष्मी' मध्ये, वसंत देसाईंकडं. नवरा श्यामराव चव्हाण, शब्दावर जोर कुठं द्यायचा ते त्यांनी घरी बसवून घेतलं म्हणतात. लावणीसम्राज्ञी हे नाव आचार्य अत्र्यांनी दिलेलं. कार्यक्रमात डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहायच्या, नखरा काय तो सगळा गळ्यात. पद्मश्री मिळाली 2022 ला आणि त्याच वर्षी डिसेंबरात गेल्या, म्हणजे सरकारला जाग यायला बाईंना नव्वदीच्या जवळ यावं लागलं, असो.

लावणीबद्दल आम्हा सोलापूरकरांना जरा जास्तच बोलायची खोड आहे, कारण शाहीर राम जोशी इथलेच आणि मोडनिंबची कला केंद्रं पण आमच्याच जिल्ह्यात. पण मला खरं नवल वाटतं ते आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांचं. घरात तेलुगू, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, विड्या वळता वळता रेडिओ चालू, आणि सुलोचनाबाईंचं "तुझ्या उसाला लागंल कोल्हा" लागलं की सगळ्या एकदम म्हणणार. एकीला मी विचारलं, मावशी तुमच्यात ऊस कुठं लावतात, तर म्हणाल्या "काय करालास बे ऊस घेऊन, गाणं ऐक की." तोंडानं बोलताना हात एकदाही थांबला नाही, विडीला दोरा गुंडाळून तोंड बंद करून खाली टाकली आणि दुसरं पान उचललं.

सुलोचनाबाईंचीच एक मात्र कर्ण्यावर लावू नका, "कळीदार कपुरी पान". राजा बढेंची लावणी आणि चाल श्रीनिवास खळ्यांची, म्हणजे भावगीतवाल्या माणसानं केलेली बैठकीची लावणी. हेडफोन लावून निवांत ऐकायची ती, बाई किती हळू आवाजात काय काय करतात ते तेव्हा कळतं.

आता रेडिओवाल्या. यात पहिलं नाव माणिक वर्मा. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत एका बाजूला पाळणे आणि दुसऱ्या बाजूला मौत का कुआ चालू असताना माणिकबाई लावल्या तर कोण ऐकणार वो, त्या तसल्या जागेच्या नाहीतच. किराणा घराण्याचं शिक्षण, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडं शिकलेल्या, त्यामुळं त्यांच्या हरकती बारीक, कर्ण्यात त्या कुस्करून जातात. पण घरात सकाळी "अमृताहुनी गोड" लागू दे, नामदेवांचा अभंग, विषय संपला. (भारती आचरेकर आणि वंदना गुप्ते यांच्या या आई, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

आणि त्यांचं "कबीराचे विणतो शेले" तर आमच्या गावाचंच गाणं म्हणा. 1950 चा 'देव पावला', शब्द गदिमांचे आणि संगीत चक्क पु. ल. देशपांडेंचं. देव येऊन कबीराच्या मागावर बसतो आणि विणतो, एवढीच गोष्ट. आमच्याकडं ज्यांच्या दोन-तीन पिढ्या मागावर गेल्या त्यांना हे गाणं वेगळं लागतं. चादरीचा कारखाना असलेले आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, ते रामनवमीला हेच लावायला सांगायचे, आणि वर "राम येऊन विणतोय तर मजुरी कुणाच्या नावावर काढायची" असं दरवर्षी विचारायचे.

सुमन कल्याणपूर माझ्या मते दोन्हीकडं चालतात पण रेडिओवर जास्त. जन्म ढाक्याचा, 1937 चा, आणि पद्मभूषण 2023 ला. यांची अडचण एकच, आवाज लताबाईंच्या इतका जवळचा की गाणी सरळ लताबाईंची म्हणून खपायची, अजूनही खपतात. "केतकीच्या बनी तिथे नाचला गं मोर" आणि "नाविका रे" लागोपाठ ऐका, दोन्ही अशोक परांजपे आणि अशोक पत्की या जोडीची. मग "जिथे सागरा धरणी मिळते", हे पी. सावळाराम आणि वसंत प्रभूंचं. तीन ऐकलीत की फरक कानात बसतो. सुमनताईंचा आवाज जरा मऊ, टोक कमी. काही लोक यालाच उणं म्हणतात, मला तर "निंबोणीच्या झाडामागे" साठी दुसरा आवाज डोळ्यासमोर येतच नाही.

अजून मागं जायचं असेल तर ज्योत्स्ना भोळे, "बोला अमृत बोला", 1942 चं 'कुलवधू' नाटक, मो. ग. रांगणेकरांचं, चाल मास्तर कृष्णरावांची. नाटकात गाणं वन्समोर घेत घेत कितीही लांबायचं, पण लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची, त्यामुळं रेकॉर्डवर आलं ते सगळं आटवून आलं. वडलांची किल्लीची पेटी, म्हणजे ग्रामोफोन, आमच्याकडं अजून आहे. नव्या पिनांची डबी वेगळी आणि वापरलेल्या पिना पेटीच्या कोपऱ्यातल्या वाटीत, चुकून वापरलेली पिन परत लागली तर तबकडीचा चर खराब होतो, म्हणून आम्हा पोरांना पेटीला हात लावायची बंदी होती. आवाज खरखरतो, पण त्या खरखरीतून ज्योत्स्नाबाईंचा स्वर असा सरळ वर येतो की नवीन स्वच्छ केलेली आवृत्ती मला फिकीच वाटते.

मालती पांड्यांचं "लपविलास तू हिरवा चाफा", कृष्णा कल्ल्यांचं "परिकथेतील राजकुमारा", आणि मंगेशकरच पण तिसऱ्या, उषाताईंचं 'पिंजरा' (1972) मधलं "दिसला गं बाई दिसला", हे पण यादीत घाला, त्यावर जास्त लिहीत नाही. 'पिंजरा' तर कर्ण्यासाठीच जन्माला आलाय.

लता-आशा सोडून म्हणालात तरी दोन गाणी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक "रेशमाच्या रेघांनी", 1964 च्या 'मराठा तितुका मेळवावा' मधलं. गातात आशाताई, शब्द शांता शेळक्यांचे, आणि संगीतकार आनंदघन म्हणजे खुद्द लताबाई, टोपणनावानं. एका गाण्यात तिन्ही बायका, त्या काळात. आणि त्यातला कर्नाटकी कशिदा म्हणजे आम्हाला शेजारच्याच दारातला, इरकल नेसणाऱ्या बायका इथं रोज दिसतात. दुसरं लताबाईंचं "गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का", सावळाराम-प्रभूंचं. लग्नात पाठवणीला हे लावायचं म्हणजे लावायचंच असा आमच्या धंद्याचा नियम होता, लावलं की मांडवातल्या बायका धाय मोकलून रडायच्या, अगदी स्वयंपाकघरातल्या वाढपीण बाया पण. एका मुलीच्या बापानं मात्र मला बाजूला घेऊन जादाचे पैसे हातात कोंबले आणि म्हणाला तेवढं एक गाणं लावू नका. मी नाही लावलं. मग नवरीच्या मावशीनं येऊन मला झापलं की पाठवणी काय अशी सुकी करतात का.

शोधताना एक करा. यूट्यूबवर गाण्याच्या नावानं शोधलं तर नवीन पोरींनी कीबोर्डवर गायलेलंच आधी येतं, म्हणून गायिकेचं नाव टाका, आणि खाली नाव लताबाईंचं असलं तरी सुमनताईंचा संशय ठेवा. माणिकबाईंची सुरुवातीची गाणी माणिक दादरकर या नावानं सापडतील, लग्नाआधीचं नाव ते. आणि सुलोचना चव्हाण मोबाईलच्या स्पीकरवर बिनधास्त ऐका, त्यात पण खर्ज नसतोच, बाईंना काही फरक पडत नाही.