मुदतवाढ घेतली, तर कायम कमिशनवरचा दावा जातो का?

प्रश्न : मी पुण्यात मेजर आहे, शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक वर्षांची नेमणूक), दहावे वर्ष चालू. लष्कराच्या नंबर पाच सिलेक्शन बोर्डाने कायम कमिशन (निवृत्तीच्या वयापर्यंतची नेमणूक) नाकारले. आता चार वर्षांच्या मुदतवाढीचा विकल्प मागितलाय. सही केली तर निकाल मान्य केला असे होईल का?

उत्तर : नुसत्या सहीने दावा जात नाही. पण ‘यांनी स्वखुशीने पत्करले’ हा मुद्दा सरकारी वकील काढणारच, म्हणून फॉर्मसोबत वेगळे पत्र जोडा : ‘बोर्डाच्या निकालाविरुद्ध दाद मागण्याचे माझे सर्व हक्क राखून हा विकल्प देत आहे.’ फॉर्मवरच अटी खरडू नका, तो परत आला तर दिवस तुमचेच जातात. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.

खरा धोका तारखांचा आहे. आर्मी अ‍ॅक्ट, 1950 च्या कलम 27 नुसार आधी कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज, तिथे समाधान झाले नाही तर केंद्र सरकारकडे तक्रार. ही पायरी गाळून सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेलात, तर न्यायाधिकरणाच्या 2007 च्या कायद्यातील कलम 21 खाली अर्ज सहसा दाखलच होत नाही. तक्रार फेटाळली, तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात यायचे. सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यापुढचे एक वर्ष. मधली स्मरणपत्रे ही मुदत वाढवत नाहीत. बहुतेक जण इथेच फसतात.

तक्रारीत ‘अन्याय झाला’ एवढेच नको. कोणत्या काळाचा गोपनीय अहवाल, कोणाचा शेरा, आकड्यातले गुण आणि शब्दांतले वर्णन कुठे जुळत नाही, ते लिहा. कायम कमिशनच्याच नितिशा प्रकरणात (2021) सर्वोच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांचे जुने अहवाल त्या वेळी कसे लिहिले गेले यावर बोट ठेवले होते. तुमचे अहवाल त्या काळातले असतील तरच तो आधार घ्या. बोर्डाची कागदपत्रे बंद पाकिटातून फक्त न्यायाधिकरणाला दाखवली, तर सर्वोच्च न्यायालयाचा कमांडर अमित कुमार शर्मा निकाल (2022) पुढे करून ती मागा.

पैशांचे गणित : पेन्शनला 20 वर्षे लागतात, म्हणजे 14 वर्षांवरही ती नाही. ग्रॅच्युइटी दर पूर्ण सहामाहीला अर्ध्या महिन्याचे वेतन, म्हणजे दहाव्या वर्षी दहा महिन्यांचे, चौदाव्या वर्षी चौदा. मुदतवाढीत मध्येच स्वतःहून सुटणार असाल, तर सुटकेच्या आदेशात ‘स्वविनंतीवरून’ हे शब्द येतात का ते आधी विचारा. माजी सैनिक म्हणून मिळणाऱ्या आरक्षणाला तेच शब्द आडवे येऊ शकतात.